छाटलेला बोर्ड

आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे पक्कड म्हणायचे. स्वयंपाकघरात गॅस गळला की बोंब ठोकणारं यंत्र आम्ही बनवतो. त्याचे भाग मी विकत आणतो. नवा नमुना आला की साहेब प्लग लावणार, पक्कडीनं एक भाग छाटणार आणि खाली लायटरचा गॅस सोडणार. तरीही यंत्र वाजलं, तर तो भाग फुकटखाऊ. खरेदीतून कायमचा बाद.

डिझाइन करणाऱ्या ताई एकाच भागासाठी भांडल्या. वीज गेल्यावर यंत्र जागं ठेवणाऱ्या बॅटरीसाठी. साहेबांनी तीही छाटली. यंत्र वाजलं.

"वाजणारच. प्लग भिंतीत आहे ना," ताई म्हणाल्या.

"मग लोकांच्या घरी काय भिंती नसतात?" साहेब म्हणाले.

सगळे खिदळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई त्याच दिवशी नोकरी सोडून गेल्या. साहेबांनी त्या नमुन्याचे उरलेसुरले भागही उपटले आणि नागडा सर्किट-बोर्ड कागदांवर वजन म्हणून ठेवला. बॅटरीविना बनलेला पहिला माल, आमच्या रिवाजाप्रमाणे, आमच्याच घरी लागला. माझ्याकडे आईच्या ओट्यावर, साहेबांकडे त्यांच्या.

काल दुपारी कागद उचलताना तो बोर्ड कोमट लागला. ऊन लागलं असेल, साहेब म्हणाले. त्या खोलीला खिडकीच नाही.

मग गॅसचा वास आला. लायटर पाहिला, तर रिकामा.

मग बोर्ड वाजू लागला.

ना भोंगा, ना तार. नुसती हिरवी पाटी, आणि आवाज आमच्या यंत्राचा. साहेबांनी ताईंना शिवी हासडली आणि पक्कडीनं त्याचे दोन तुकडे केले.

दोन्ही वाजत राहिले.

मी घरी फोन लावला. आईचा आवाज सर्दीनं बसलेला. "सकाळपासून वीज नाही रे. थांब, चहा टाकते."

"काडी ओढू नकोस. खिडक्या उघड. आधी बाहेर हो."

ती कुरकुरत उठली. खिडकीची कडी निघाल्याचं फोनवर ऐकू आलं, आणि एक तुकडा गप्प झाला.

साहेब हसले. "बघ, भागांशिवायही चालतं."

"मग हा दुसरा कुणासाठी वाजतोय, साहेब?"

त्यांच्या हातातली पक्कड खाली पडली. त्यांनी घरचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत होती. कोणी उचलत नव्हतं.

घंटी वाजतच होती, तेव्हा दुसरा तुकडा गप्प झाला.