पाचव्या ओळीतलं नाव

दार तेवढं लोटून घ्या पोरांनो, सरोवरावरचा वारा आत येतोय. दिवा राहू दे. ही गोष्ट एमरी स्टाउफरची. तुमच्यातल्या दोघा-तिघांना त्याने लाकडी घोड्यांची खोगिरं पुसायला शिकवलंय, तेव्हा इथे खोटं खपायचं नाही.

दोन वर्षं झाली. दोन हजार तेवीसचा ऑक्टोबर, आठ तारीख, रविवार. रात्रीचे पावणेअकरा. एमरी हातात टॉर्च आणि काखेत पत्र्याचा डबा घेऊन गोलघराकडे, लाकडी घोड्यांच्या चक्राकडे आणि त्याच्या ऑर्गनकडे, निघाला. काम साधं होतं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, हंगाम संपून आपली खेळांची बाग बंद व्हायची होती, आणि थंडी चार दिवस आधीच आली होती. थंडीत ऑर्गनच्या भात्याचं चामडं ताठरतं. ऐन वेळी भात्याने दगा द्यायला नको, म्हणून तो एकदा वाजवून बघणार होता. एवढंच.

फाटकाशी ड्यूई बसला होता. रात्रीची राखण त्याची. मांडीवर डोनटची पिशवी.

"झोप येत नाही म्हाताऱ्याला," ड्यूई म्हणाला.

"तुझ्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान आहे मी."

"अक्कलही तेवढीच कमी. घे, एक डोनट घे. सफरचंदाच्या सायडरचा आहे, अजून गरम असेल."

"मार्नी येतेय. तिच्यासाठी ठेव."

"पोरगी येतेय? मग दोन ठेवतो. तुला मात्र आता एकही मिळणार नाही."

मार्नी ही एमरीची मुलगी. एकुलती. क्लीव्हलंडच्या हॉस्पिटलात नर्स. नऊ पन्नासला तिचा पेट्रोल पंपावरून फोन आला होता.

"बाबा, एरी शहर ओलांडलं. तासा-दीड तासात घरी."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"दोन पाळ्या ओळीने केल्यात. कॉफी घेतलीय, बादलीभर."

"मग थांब तिथेच कुठेतरी. सकाळी ये."

"मोटेलात? ढेकणांच्या शेजारी? माझी खोली आहे ना घरी, की तिथेही तू ऑर्गनच्या नळ्या भरून ठेवल्यास?"

एमरी हसला. आणखी एकदा 'थांब' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. ते त्याला आजही टोचतं.

गोलघर तुम्हाला माहीत आहे. आमच्या भागात असे ऑर्गन पूर्वी प्रत्येक बागेत होते. आता थोडे उरले. काही संग्रहालयात काचेमागे मुके उभे आहेत, काही जत्रेत गाडीवरून फिरतात, आणि आपल्यासारखे मोजके अजून आपल्या जागी, घोड्यांच्या मधोमध वाजतात. भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी पितळी पट्टीवरून सरकते. जिथे भोक येतं तिथून हवा जाते, आणि ती ती नळी बोलते. भोक नाही तर आवाज नाही. हे नीट ध्यानात ठेवा.

आपल्या ऑर्गनच्या गुंडाळ्या एमरीची बायको ओपल बनवायची. गोलघराच्या मागच्या खोलीत बाकावर बसून, एकेक भोक हाताने ठोकून. एका गाण्याला तिचा एक हिवाळा जायचा. भोकांतून निघालेल्या कागदाच्या टिकल्या ती जॅमच्या बरणीत टाकी. बरणी गळ्यापर्यंत भरली की समजायचं, गाणं झालं. त्या टिकल्या तिच्या केसांत असत, एमरीच्या बुटांत असत. एकदा मार्नीला एक सूपात सापडली, तेव्हा ती म्हणाली होती, "आई, आज आपण कुठलं गाणं खातोय?"

एमरीच्या काखेत होता तो डबा निरोपाच्या गुंडाळीचा. हंगामाच्या शेवटच्या रात्री आपण चक्र रिकामं फिरवतो, आणि बागेतलं जे माणूस गेलं असेल त्याचं गाणं वाजतं. टोपी काढून सगळे बाहेर उभे राहतात. डब्याच्या झाकणाला आतून पांढरा कागद चिकटवलेला, त्यावर आकडे, आणि आकड्यापुढे नाव. एक, तिकिटं फाडणारी म्हातारी. दोन, घोडे रंगवणारा. तीन, चक्र चालवणारा. ओपलचा नियम होता. आधी नाव लिहायचं, मग भोक पाडायचं. ती म्हणायची, बिननावाचं गाणं भटकतं. आणि म्हणायची, गाणं पुरं झालं की माणूस सुटतो.

चौथं गाणं तिने स्वतःचं केलं. आजारपणात, उशीला टेकून. चार, ओपल. आणि सवयीने खाली पुढचा आकडा घालून ठेवला. पाच. पुढे काही नाही.

त्या ऑक्टोबरच्याही दोन वर्षं आधी, मार्चात, ती गेली होती. पाचव्या ओळीकडे एमरी बघत नसे.

त्याने पंखा चालू केला. भाता भरला. गुंडाळी लावली. बाहेर धुकं इतकं, की खिडक्यांना कोणी बाहेरून चुना लावलाय असं वाटावं. घोडे अंधारात. फक्त ऑर्गनवरचा एक बल्ब.

पहिलं गाणं वाजलं. दुसरं. तिसऱ्यात एक झांज जरा उशिरा पडली, त्याने लक्षात ठेवलं. चौथं लागलं तेव्हा त्याने टोपी काढली. बघायला कोणी नव्हतं, तरी काढली.

चौथं संपलं. त्यापुढे हातभर कोरा कागद. तो सरला की गुंडाळी आपोआप उलटी फिरते, पहिल्यावर येते. एमरी टोपी घालून उभा राहिला.

गुंडाळी उलटली नाही.

कागद पुढेच जात राहिला. हातभर. दोन हात. चार हात. एवढा कागद त्या गुंडाळीवर नव्हताच. एमरी खाली वाकला. कागद कोरा होता. एकही भोक नाही.

आणि नळी बोलली.

तीन सूर, वर चढणारे. मग थांबा. मग खालचा एक लांब सूर.

एमरीचा हात ऑर्गन थांबवायच्या दांडीवर गेला. तो सूर त्याला ठाऊक होता. जगात तिघांनाच ठाऊक होता. मार्नी लहान असताना संध्याकाळी सरोवराच्या काठी खेळत बसायची. ओपल मागच्या पायरीवर उभी राहून तिला हाक नाही मारायची, शीळ घालायची. हीच. पोरगी असेल तिथून धावत यायची. ही शीळ कधी कागदावर चढली नव्हती.

तीन सूर. थांबा. एक लांब.

त्याने पंखा बंद केला. पातं थांबलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं. भाता मात्र वर-खाली होत राहिला. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

त्याने कागदावर तळहात दाबला. कागद त्याच्या हाताखालून सरकत गेला. थंड.

तीन सूर... आता मोठ्याने. एक नळी होती, तिथे चार. मग धाकटा ढोल. मग घंटा. शीळ होती, तिचं गाणं होत चाललं होतं. बाहेरच्या ओळीतला एक घोडा हलला. करकर झाली. मग सगळेच हलले. चक्र वीतभर सरकलं... थांबलं... पुन्हा वीतभर.

मार्नीचं गाणं. निरोपाच्या गुंडाळीवर.

त्याने फोन काढला. लागेना. पुन्हा लावला. सरोवरालगतच्या त्या रस्त्यावर फोन कधीच लागत नाही. तरी तिसऱ्यांदा लावला.

गाणं पुरं झालं की माणूस सुटतो.

त्याने गाण्याची लांबी कानांनी मोजली. आयुष्य त्यात गेलेलं. पाऊण भाग वाजला होता.

तो डब्याकडे वळला. झाकण उघडं होतं. चौथी ओळ. पाचवी ओळ. पाचचा आकडा आणि पुढे पांढरं.

दोऱ्याने बांधलेली पेन्सिल झाकणालाच लटकत होती.

"ओपल," तो म्हणाला. "ती नाही."

ऑर्गन वाजत होता.

"ती नाही गं..."

त्याने पेन्सिल धरली. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. पाचपुढे लिहिलं. एमरी.

गाणं मध्येच तुटलं. बाजूला ठेवलेल्या फोनवर अकरा सतरा झाले होते.

झांज वर उचललेली, तशीच राहिली. चक्र थांबलं. मग भात्यातली हवा हळूहळू बाहेर पडली. फार वेळ पडत राहिली. आणि गुंडाळी उलटी फिरून पहिल्यावर आली.

एमरी जमिनीवर बसला. किती वेळ, त्याला माहीत नाही. फोन वाजला तेव्हा अकरा पंचवीस झाले होते.

"बाबा..."

"लागलंय का तुला?"

"नाही. मी ठीक आहे. रेंज आली तिथे गाडी कडेला घेतलीय. तुला कसं कळलं?"

"सांग."

"माझा डोळा लागला. एक पळभरच असेल. समोर लाकडांचा ट्रक बंद पडला होता, मागचे दिवे नाहीत, धुक्यात काही दिसत नाही. मी सरळ त्याच्यात..." ती थांबली. "बाबा, हसू नकोस."

"नाही हसत."

"मागच्या सीटवरून शीळ आली. आईची. पहिल्यांदा मला वाटलं, मी काठावर खेळतेय आणि आई बोलावतेय. मी उठलेच नाही. मग परत आली. मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. ढोल वाजावा तशी. तेव्हा डोळे उघडले आणि ब्रेक दाबला. वीतभर अंतर राहिलं रे. वीतभर."

एमरीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, ऐकतोयस ना?"

"गाडी थांबली तेव्हा किती वाजले होते?"

"अकरा सतरा. समोर आकडे होते, तेवढेच बघत बसले. का?"

एमरीने वर पाहिलं. ऑर्गन गप्प होता. बल्बभोवती धुक्याचा एक धागा फिरत होता.

ओपल पोरीला न्यायला आलीच नव्हती. उठवायला आली होती. पायरीवर उभी राहून घालायची तशीच शीळ तिने घातली होती, पोरगी दाद देईना म्हणून आवाज चढवला होता, आणि आयुष्यभर निरोपाची गाणी ऐकलेल्या नवऱ्याला त्यातही निरोपच ऐकू आला.

झाकणावर पाचव्या ओळीत त्याचं नाव होतं.

"सावकाश ये," तो फोनवर म्हणाला. "ड्यूईने तुझ्यासाठी डोनट ठेवलेत."

दुसऱ्या रात्री रिकामी फेरी झाली. चार गाणी वाजली, हातभर कोरा कागद सरला, गुंडाळी शहाण्यासारखी उलटली. डबा बंद करताना मार्नीने झाकण पाहिलं. आदल्या रात्रीचं सगळं एमरीला तेव्हा तिला सांगावं लागलं.

"खोड ते," ती म्हणाली.

"नको."

"बाबा, रबर आणते. आत्ताच्या आत्ता खोड."

"खोडलं की ती ओळ रिकामी होईल."

"होऊ दे ना!"

"आधी रिकामीच होती, बाळ," एमरी म्हणाला. "रिकामी ओळ मला बघवत नाही आता."

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. रबर आलं नाही.

मंगळवारी एमरी आणि ड्यूई हिवाळ्यापूर्वीची झाकपाक करत होते. मागच्या खोलीत ओपलचा बाक तसाच होता, ती गेली त्या दिवशी घातलेल्या चादरीखाली. ड्यूईने चादरीचं टोक झटकायला उचललं, आणि तसाच धरून उभा राहिला.

बाकावर ओपलची बरणी होती. ती गेली तेव्हा एमरीनेच ती धुऊन, पुसून पालथी ठेवली होती. आता सुलटी होती. तळाशी कागदाच्या टिकल्या. चिमूटभर. ताज्या, पांढऱ्याशुभ्र.

"उंदीर असतील," ड्यूई म्हणाला.

"उंदीर गोल कुरतडतो का?"

ड्यूईने चादर पूर्ण काढली. ज्याच्यावर ही भोकं पडली तो कागद त्यांनी खोलीभर शोधला. फळीवर, बाकाखाली, ऑर्गनच्या पोटातसुद्धा. कुठेच नव्हता. एमरीने बरणी होती तिथे ठेवली, चादर पुन्हा घातली आणि कडा नीट खोचल्या. आजारपणात तो तिचं पांघरूण खोचायचा तशा.

पुढच्या ऑक्टोबरला चादर काढली, तेव्हा बरणी अर्धी भरली होती.

ओपलला कामाची घाई कधीच नव्हती. नाव आलं की भोकं थोडी थोडी पाडायची.

परवा बाग बंद झाली. एमरीने तुम्हाला सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि एकट्याने मागच्या खोलीत जाऊन चादर उचलली, ते तुम्ही पाहिलंत. आत काय दिसलं, ते त्याने फक्त ड्यूईला सांगितलं, आणि ड्यूईने मला. टिकल्या बरणीच्या गळ्याशी आल्यात. गळा भरायला बोटभर उरलंय.

मार्नीने दुकानातून नवी बरणी आणून दिली होती, मोठी, भरायला वर्षं लागतील अशी. ती एमरीने तिला जॅम घालून परत पाठवली.