तीन नंबरचा दोर ‘ठीक’ आहे!

“अजिबात द्यायचं नाही! हे हेल्मेट मी विहिरीत फेकीन, पण त्या मुकादमाला देणार नाही!” फूटपट्टी ओरडली.

“इथे विहीर कुठाय?” भोंग्याने विचारलं.

“मग बादलीत फेकीन!”

फूटपट्टी सातवी संपवून आठवीत जाणारी. उंच, काटकुळी, आणि कुठेही गेली तरी खिशात एक फूटपट्टी असायचीच. भोंगा तिचा धाकटा भाऊ. तो कुजबुजला तरी तीन घरं पलीकडे ऐकू जाई. सुट्टीला दोघं मावशीकडे आली होती. मावशीची नऊ वर्षांची मुलगी चिमटी. दिसेल ती वस्तू उचलून, उलटीसुलटी करून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

मावशी उद्यान विभागात कामाला होती. दोराच्या आधाराने उंच झाडांवर चढून वाळलेल्या, धोक्याच्या फांद्या कापून उतरवायच्या, हे तिचं बारा वर्षांचं काम. पण या महिन्याच्या नऊ तारखेला ती चढू लागली आणि दोन पुरुष उंचीवर असतानाच दोर तुटला. तेव्हापासून तिचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता.

आज सोळा तारीख. सकाळीच मुकादमाची चिठ्ठी आली होती. भोंग्याने ती मोठ्याने वाचली. दुसऱ्या कुठल्या आवाजात वाचणं त्याला जमतच नव्हतं.

“‘दोर निष्काळजीपणे वापरल्यामुळे तुटला आहे. उद्या अकरा वाजता चौकशी. हेल्मेट व हार्नेस आजच जमा करावे. यापुढे झाडावर चढण्याचे काम मिळणार नाही.’”

“चौकशी उद्या आणि शिक्षा आज?” फूटपट्टीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “मावशी, तू गप्प का आहेस? भांड की!”

मावशी खाटेवर बसून प्लास्टरच्या आत पट्टीने खाजवत होती. पट्टी अर्थातच फूटपट्टीची होती.

“गप्प आहे, कारण मलाच माझा राग आलाय,” ती म्हणाली. “चिमटे, तुझा उड्या मारायचा दोर आण.”

चिमटीने आणला. चढायच्या जाड दोराचं ते उरलेलं टोक होतं. मावशीने तो अंगठा आणि दोन बोटांत धरला, डोळे मिटले आणि हळूहळू ओढत नेला.

“दोर असा बोटांनी वाचायचा. रोज, चढायच्या आधी, टोकापासून टोकापर्यंत. कुठे मऊ पडलाय, कुठे कडक झालाय, कुठे आतून पोकळ लागतोय. त्या दिवशी एक वीतभर जागा कडक लागली मला. मी मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, ‘दव लागलं असेल. उशीर होतोय, चढा.’ आणि मी चढले! बारा वर्षांत पहिल्यांदा मी बोटांचं ऐकलं नाही.”

“पण दोर कडक कशाने झाला?” फूटपट्टीने विचारलं.

“तेच कळत नाही. पूर्वी आम्हीच दोर धुवायचो. साध्या गार पाण्यात. मग सावलीत वाळवायचे आणि आपापल्या नंबरच्या खुंटीला टांगायचे. खोली कोरडी, वारा खेळता. दोन महिन्यांपासून मुकादम आम्हाला त्या खोलीत पाऊल ठेवू देत नाही. दोर खिडकीतून मिळतो, खिडकीतूनच परत घेतात. आत कुठे ठेवतात, कुणालाच माहीत नाही.”

फूटपट्टी एकदम शांत झाली. भोंग्याला ते लक्षण ठाऊक होतं. ती ओरडत असेपर्यंत भीती नसायची.

“हेल्मेट कुठेय?” ती म्हणाली. “चला, जमा करून येऊ.”

---

मुकादमाचं ऑफिस म्हणजे तीच ती दोरांची खोली. चांगली ऐसपैस, दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या. भिंतीवर एक ते सहा आकडे घातलेल्या लाकडी खुंट्या. एक नंबरवर शर्ट, दोनवर टॉवेल, तीनवर छत्री, चारवर डब्याची पिशवी. खाली खाट, खाटेवर मुकादम, आणि मुकादमावर गरगरणारा पंखा.

“काय आहे?” मुकादमाने एक डोळा उघडला.

“मावशीचं सामान आणलंय, काका,” फूटपट्टी गोड आवाजात म्हणाली. एवढ्या गोड आवाजात की भोंगा दचकला.

“मागच्या खोलीत टाका. किल्ली ती घ्या. झालं की दाराला लटकवा. मला उठवू नका.”

“उंटावरून शेळ्या!” बाहेर येताच भोंगा कुजबुजला.

“कोण रे तो?” आतून आवाज आला.

“कोणी नाही, काका!”

मागची खोली उघडताच आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला. लोखंडी फळीवर गाड्यांच्या सहा जुन्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या. काहींची झाकणं उघडी होती आणि त्यांच्यातून बारीक बुडबुड आवाज येत होता. फळीच्या कडेवर पांढरी पापडी धरली होती. आणि बरोबर त्या फळीच्या खाली, ओलसर जमिनीवर, दोर! ना वेटोळी, ना पिशव्या. चार दोर एकमेकांत गुंतून ढिगाऱ्यासारखे पडले होते.

फूटपट्टीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माणसं ज्याच्यावर जीव टांगतात तो दोर इथे? आणि खुंटीला छत्री?”

“ताई, इथे ओलं आहे बघ.” चिमटीने खिशातला रुमाल काढून फळीची कड पुसली.

“हात लावू नकोस!”

पण पुसून झालं होतं. तिघांनी सामान दाराजवळच्या उंच कोनाड्यात ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली लटकवायला ऑफिसच्या दाराशी आल्यावर भोंग्याचं लक्ष आतल्या फळ्याकडे गेलं. तिथे प्रत्येक दोराचं एक कार्ड टाचलेलं होतं. रोजची तारीख, पुढे शेरा आणि सही.

भोंग्याने तीन नंबरचं कार्ड वाचलं. त्याचे डोळे मोठे झाले. तोंड त्याहून मोठं झालं. आवाज बाहेर पडणार तेवढ्यात फूटपट्टीने त्याचं तोंड दाबून धरलं आणि त्याला तसंच रस्त्यापर्यंत ओढत नेलं.

“मावशीचा दोर तीन नंबरचा ना?” सुटल्यावर तो ओरडला. “तो नऊ तारखेला तुटला ना? कार्डावर दहाला ‘तपासला, ठीक’! अकराला ठीक! आणि एकवीस, बावीस, थेट तीस तारखेपर्यंत ठीक! सगळ्या सह्या एकाच निळ्या शाईत!”

“म्हणजे महिन्याच्या सह्या एकदमच ठोकल्यात,” फूटपट्टी सावकाश म्हणाली. “न बघता.”

“कार्ड आणू का काढून?”

“नाही! आपण आणलं तर तो म्हणेल, पोरांनीच लिहिलं. ते त्याच्याच हातून बाहेर यायला हवं.”

“ताई,” चिमटी रडवेल्या आवाजात म्हणाली, “माझा रुमाल बघ ना.”

तिने रुमाल उघडला. मधोमध बोट जाईल एवढी तीन भोकं पडली होती आणि कडेचं कापड ओढताच टरकन फाटलं.

फूटपट्टीने तिला नळापाशी नेलं आणि वाहत्या पाण्याखाली तिचे हात बराच वेळ धरून ठेवले. त्या पाण्याच्या आवाजात ती विचार करत होती.

“बॅटरीत पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक आम्ल असतं,” ती म्हणाली. “चार्जिंगला लावलं की बुडबुडे फुटून त्याचे शिंतोडे उडतात. त्यातलं पाणी वाळून जातं, आम्ल मात्र वाळत नाही. ते घट्ट होत मागे राहतं आणि खात बसतं. एवढ्या वेळात रुमाल खाल्ला. दोर नायलॉनचा. नायलॉनलाही आम्ल चालत नाही. मग दोन महिन्यांत...”

“पण मग बाकीचे दोर?” चिमटीने विचारलं. “सहातला एक तुटला. पाच राहिले. आत चारच होते. मी मोजले.”

ऑफिसच्या दारावरच्या पाटीवर खडूने लिहिलेलं भोंग्याला आठवलं आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच खरोखर बारीक झाला.

“‘आज चार वाजता, दवाखान्याचं फाटक. दोर क्रमांक पाच.’ खारदादा चढणार आहे.”

पावणेचार वाजले होते.

---

खारदादा मावशीच्या हाताखाली तयार झालेला. खारीसारखा चढायचा म्हणून ते नाव. तिघं धापा टाकत पोचली तेव्हा त्याचा दोर फांदीवरून टाकून झाला होता आणि तो कमरेभोवतीच्या हार्नेसचा पट्टा आवळत होता. रस्त्यापलीकडे उद्यान विभागाच्या मोठ्या बाई लोकांना मागे सारत होत्या. शेजारी मुकादम उभा होता, झोप काढून ताजातवाना.

“खारदादा, थांब! चढू नकोस!” भोंग्याने आपला सगळा आवाज एकदाचा मोकळा केला. झाडावरचे पक्षी उडाले. दवाखान्यातून दोन डोकी बाहेर आली.

“ए कार्ट्यांनो, पळा इथून!” मुकादम धावून आला. “बाई, ही त्या पडलेल्या बाईंची पोरं. कामात मुद्दाम खोडा घालतायत.”

फूटपट्टी त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. “दादा, तू हा दोर वाचलास?”

“मुकादमांनी तपासलाय गं. उशीर...”

“तू वाचलास का?”

खारदादा ओशाळला. त्याने हातमोजे काढले, दोर खाली ओढून घेतला आणि बोटांतून सोडू लागला. एक हात, दोन हात, पाच हात. मग बोटं थांबली.

“इथे जरा कडक लागतोय,” तो म्हणाला. “दव असेल.”

“मावशीलाही हेच सांगितलं होतं! ऐन उन्हाळ्यात दुपारी चारला दव पडतं का रे, दादा?”

खारदादाने मुकादमाकडे पाहिलं, मग वर फांदीकडे. त्याने हार्नेस सोडला. शेजारी कापलेला एक ओंडका पडला होता. “हा माझ्यापेक्षा हलका आहे,” तो म्हणाला. त्याने दोर पुन्हा फांदीवरून टाकला, एक टोक ओंडक्याला बांधलं, सगळ्यांना लांब केलं आणि दुसऱ्या टोकाला दोन मजूर लावले.

“ओढा!”

ओंडका जमिनीपासून हातभर उचलला गेला आणि फाट्! ओंडका धप्पकन खाली आला, दोन्ही मजूर मागच्या मागे बसले.

कोणीच हसलं नाही. खारदादा त्या वरच्या फांदीकडे बघत राहिला. ती चार माणसं उंच होती.

“हासुद्धा यांनीच घासून घासून खराब केलाय!” मुकादम गडबडीने म्हणाला. “बाई, दोर वापरायची अक्कलच नाही या लोकांना!”

मारावं की रडावं, हे फूटपट्टीला कळेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! तिने खिशातली फूटपट्टी एवढी घट्ट धरली की तिच्या कडा तळहातावर उमटल्या. पण आवाज मात्र तोच, गोड.

“खरंच का हो, काका? तुम्ही तर रोज तपासत असाल.”

“रोज! एक दिवस चुकत नाही! कार्डावर सही आहे माझी!”

“मग बाईंना कार्डंच दाखवा ना. तीन नंबरचंही आणा. म्हणजे मावशीचीच चूक होती, हे सिद्धच होईल.”

“हो, आणा,” बाई म्हणाल्या.

मुकादम ऐटीत मोटारसायकलवरून गेला आणि दहा मिनिटांत सगळी कार्डं घेऊन परतला. हात दाखवून अवलक्षण करून घेणारा माणूस भोंगा आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होता. त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

बाईंनी चष्मा लावला. तीन नंबरचं कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं.

“मुकादम, हा दोर कधी तुटला?”

“नऊ तारखेला, बाई.”

“मग बारा तारखेला तुम्ही काय तपासलंत?”

मुकादमाने कार्ड परत घ्यायला हात पुढे केला. बाईंनी ते दिलं नाही.

“आणि हे तीस तारखेचं? तो दिवस अजून उजाडायचाय. आत्ता तुटलेला हा पाच नंबरही महिनाअखेरपर्यंत ठीकच दिसतोय. तुम्ही मुकादम आहात की ज्योतिषी?”

“सह्या... सगळेच करतात, बाई... कोण वाचतं...”

“मी वाचतेय!” बाई इतक्या जोरात म्हणाल्या की भोंगाही आदराने मागे सरला. मग त्या मुलांकडे वळल्या. “आता तुम्ही सांगा. दोर कुठे ठेवतात?”

चिमटीने पुढे होऊन भोकं पडलेला रुमाल चिमटीत उंच धरला.

---

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चौकशी झाली, पण मुकादमाची. दोरांचं काम त्याच्याकडून काढून घेतलं आणि त्याला घरी बसवून वरच्यांकडे अहवाल गेला. बॅटऱ्या आवारापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. खाट बाहेर आली, छत्री बाहेर आली.

कुबड्या घेऊन मावशी आली होती. बाईंनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि पाय बरा होईपर्यंत दोरांच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली.

“तुमच्या मुलांनी काल एका माणसाचा जीव वाचवला,” त्या म्हणाल्या. “अशी नजर आमच्या अर्ध्या ऑफिसला असती तर!”

खारदादाने चिमटीला नवाकोरा रुमाल दिला. भोंग्याला तो म्हणाला, “तुझा आवाज कधी कमी करू नकोस रे बाबा.”

“शाबासकी पुरे,” मावशी म्हणाली. “बॅटरीच्या फळीला हात लावणाऱ्या मुलीशी मी घरी बोलणार आहे. आधी हे दोर कापा. हातमोजे घालून, वीतभराचे तुकडे. नाहीतर कोणीतरी ‘चांगला दिसतोय’ म्हणून परत वापरेल.”

फूटपट्टीने करवत घेतली. पट्टीने वीत मोजून ती एकेक दोर कापत गेली. तिचे दात ओठांत रुतले होते. शेवटचा तुकडा पडला तरी तिचा श्वास जोरात चालू होता.

मावशी नव्या दोराची पिशवी तीन नंबरच्या खुंटीला टांगत होती. तिने वळून पाहिलं.

“गेला का गं राग?”

“नाही!”

“मग राहू दे. कामाचा आहे,” मावशी म्हणाली. “फक्त कोरड्या जागी ठेव. आणि रोज एकदा बोटांनी वाचत जा.”