लिडियाच्या घराची मागची भिंत

सीरियलचा रिकामा खोका उलगडून मार्टाने स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरला आणि बाह्या सरसावल्या. "बघत राहा थेल्मा आत्या, या वर्षी असं घर करते की अख्खं नाझरेथ गाव आपल्या दारात रांग लावेल!"

"आधी कात्री सरळ धर," आत्या म्हणाली. "गेल्या वर्षी तू चर्च केलंस, तर पाद्रीबाबा म्हणाले, जहाज फार छान झालंय."

मार्टा खिदळली. सोळावं सरलं नव्हतं, पण पंधरा दिवसांपूर्वीच चर्चच्या ट्रॉम्बोन-ताफ्यात, पितळी कर्णे वाजवणाऱ्यांत, तिची निवड झाली होती आणि तेव्हापासून आपल्याला जमणार नाही असं जगात काही आहे, यावरचा तिचा विश्वासच उडाला होता. या मुलीचे पाय सध्या जमिनीला लागत नाहीत, असं आत्या शेजारणींना सांगायची. पण तक्रारीच्या सुरात नाही. त्या घरात कुणीतरी हसायला हवंच होतं.

नाताळच्या झाडाखाली शेवाळ अंथरून, गोठा, मेंढरं, मेंढपाळ मांडायचे, त्याला त्यांच्याकडे पुट्झ म्हणतात. क्लेपिंगरांच्या, म्हणजे मार्टाच्या घरच्या पुट्झमध्ये गोठ्याभोवती माणशी एक घर असायचं. पुठ्ठ्याचं, वीतभर उंच, छपरावर चमकीचा बर्फ, खिडक्यांना पिवळा जिलेटीनचा कागद. मागच्या भिंतीला एक गोल भोक. त्यातून दिव्यांच्या माळेतला एक बल्ब आत सरकवायचा, की घर उजळलं. माणूस गेलं तरी त्याचं घर मांडायचं, फक्त त्यात बल्ब घालायचा नाही. आईचं घर सात वर्षं काळोखातच होतं.

लिडियाचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता.

लिडिया मार्टाची थोरली बहीण. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी बेकरीतलं काम आटोपून ती गाडीने घरी यायला निघाली. बर्फ पडत होता. वाट पाटीच्या दगडाच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खाणींवरून येते. ती आली नाही. गाडीही सापडली नाही. गावात कुणी वारलं की चर्चच्या मनोऱ्यावरून ट्रॉम्बोन वाजतात. लिडियासाठी ते वाजले नव्हते. वाजवायचे का, असं पाद्रीबाबांनी दोनदा येऊन हळूच विचारलं होतं. शेवटी मार्टाचे बाबा म्हणाले होते, "नाताळपर्यंत थांबा. तोवर तिच्या घरात दिवा लागेल. मग बघू."

आणि नेमकं लिडियाचंच घर उन्हाळ्यातल्या पुरात तळघरात भिजून गेलं होतं.

मार्टाने त्याचे वाळलेले तुकडे नव्या पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने गिरवले. पुढची भिंत, दोन बाजूच्या, छप्पर. मागच्या भिंतीचा लगदा झाला होता, म्हणून तिच्या जागी पुढचीच भिंत पुन्हा गिरवली, खिडक्या-दार सोडून. मापात मापं बसली. ती शीळ घालत होती.

दारापाशी मात्र तिचा हात थांबला. लिडिया दाराला नेहमी तिचं जांभळं नेलपॉलिश लावायची. "लाकडाला पॉलिश, नखांना पॉलिश, एकाच बाटलीत संसार," म्हणायची. ती बाटली तिच्या पर्समध्ये असायची. मार्टाने दार लाल रंगवलं.

मग गोंद, त्यावर चमकी, मग पुन्हा गोंद. केसांत, भुवयांत, जेवणातल्या सूपमध्ये चमकी. सगळं दगडासारखं वाळल्यावर शनिवारी बाबांनी घर हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आणि विचारलं, "मार्टा, भोक कुठंय?"

कुठल्याही क्लेपिंगर पोराला चालता येण्याआधी ठाऊक असतं, की मागच्या भिंतीला भोक असतं.

"आत्ता कापलं तर सगळी चमकी झडेल, बाबा. गोंद जरा मुरू दे. नाताळच्या आधी कापते, नक्की!"

"विसरू नकोस."

"मी कधी काही विसरते का?"

आत्याने नुसतं भोकाच्या जागेकडे बोट दाखवलं.

रविवारी माळ लावली. बाबांचं, आत्याचं, मार्टाचं घर उजळलं. लिडियाच्या घरामागे एक बल्ब नुसता टेकवून ठेवला.

मंगळवारी शाळेतून आल्यावर मार्टाला वाटलं, आपण माळ चालूच ठेवून गेलो. चारच वाजले होते, पण बाहेर आभाळ शिशासारखं झालं होतं आणि लिडियाच्या खिडक्या उजळल्या होत्या. बटण बंद होतं. बाकीची घरं विझलेली होती. आणि हा उजेड पिवळा नव्हता. हिरवट होता, गाडीत स्टिअरिंगच्या मागे दिसतो तसा.

रस्त्यावरच्या दिव्याचं प्रतिबिंब असणार. तिने पडदा ओढला. उजेड गेला, निदान तिला तसं वाटलं. ती ट्रॉम्बोन काढून सरावाला बसली.

दुसऱ्या दिवशी घराच्या छपरावरचा बर्फ एका बाजूने घसरला होता. पुठ्ठा हाताला गार आणि दमट लागला. शेवाळावर पाणी जरा जास्त शिंपडलं असेल, आत्या म्हणाली. मार्टाने घर हीटरजवळ रात्रभर ठेवलं. सकाळी ते आणखी ओलं होतं. त्याला एक वास येत होता. उन्हाळ्यात पोरं खाणीत डुंबून घरी येतात, तेव्हा त्यांच्या टॉवेलांना येतो तो.

त्या आठवड्यात काहीतरी खरवडल्यासारखी खरखर सुरू झाली.

बारीक होती. खर्र, खर्र, मग जरा थांबून पुन्हा. पुट्झच्या बाजूने यायची. संध्याकाळी जेवताना, सकाळी कॉफी गाळताना.

"उंदीर," बाबा म्हणाले. "शेवाळातून आला असेल."

"तरीच!" आत्या म्हणाली. "गोठ्यात गाढव, बैल, मेंढरं, सगळे आहेत. त्यालाच आमंत्रण नव्हतं, म्हणून चिडला बिचारा."

बाबांनी सापळ्याला पीनट बटर लावून तो झाडामागे ठेवला. उंदीर सापडला नाही. खरखर दिवसेंदिवस वाढत गेली. मार्टा गृहपाठ करताना कानांवर उशी दाबायची. एकदा तर तिने जाऊन टेबलावर थाप मारली, "ए, गप बस की!"

खरखर क्षणभर थांबली. मग जोरात सुरू झाली. घाईघाईने.

भोक कापायचं रोज राहून जात होतं. परीक्षा होती, तालीम होती, साखर-केकचं पीठ मळायचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या ओल्या पुठ्ठ्याला हात लावायला तिला नको वाटायला लागलं होतं. हे ती कुणाला बोलली नाही. ट्रॉम्बोन-ताफ्यातली मुलगी पुठ्ठ्याला घाबरते?

नाताळच्या आधीच्या मंगळवारी, जेवणाच्या टेबलावर, आवाज थांबला.

तिघांनी चमचे खाली ठेवून कानोसा घेतला. काही नाही.

"सुटलो!" मार्टाने टाळ्या वाजवल्या. आत्यानेही वाजवल्या. बाबा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसले आणि त्यांनी सगळ्यांना केकचा एकेक जादा तुकडा वाढला.

चोवीस तारखेला दुपारी तीन वाजता मार्टा कटर घेऊन बसली. साडेचारला ताफ्याबरोबर वाजवायला मनोऱ्यावर पोचायचं होतं. स्वयंपाकघरात बाबा कोट चढवून बसले होते; पाद्रीबाबांना काय तो निरोप आजच द्यायचा होता.

तिने घर मांडीवर पालथं घेतलं. ते जड होतं.

नाण्याएवढं वर्तुळ आखलं आणि पातं घातलं. पुठ्ठा पावासारखा कापला गेला. भोकातून पाणी आलं, थंडगार, काळपट. तिच्या गुडघ्यांवरून ओघळून गालिच्यात जिरलं. ओंजळभरच होतं.

गोल तुकडा तिच्या तळहातावर पडला.

तिने तो उलटा केला. आतली बाजू.

ओरखडे होते. एकावर एक, चार-चार, पाच-पाच समांतर रेघा, पुठ्ठ्याचे पापुद्रे निघेपर्यंत ओढलेल्या. खालच्या खोल. वर जाताजाता उथळ होत गेलेल्या.

तिने भोकाला डोळा लावला. आत कुणी नव्हतं. बाकीच्या तिन्ही भिंती कोऱ्या होत्या. ओरखडे एवढ्याच जागेत होते. जिथे भोक असायला हवं होतं, बरोबर तिथे.

रेघांमध्ये जांभळा रंग अडकला होता.

"लागला का गं दिवा?" बाबांनी आतून विचारलं.

मार्टाने बल्ब भोकात सरकवला. बटण दाबलं. खिडक्या पिवळ्याधमक उजळल्या.

बाबा दारात येऊन उभे राहिले. उजळलेलं घर त्यांनी पाहिलं. मग त्यांनी कोटाची बटणं सोडली.

"मी नाही जात. तूच सांग त्यांना. लिडियासाठी वाजवायचं नाही, म्हणावं. ती येईल. मला आतून वाटतंय."

"हो, बाबा."

झाडामागे वाकलेल्या आत्याने रिकामाच सापळा बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "अगंबाई, मग तो उंदीर मेला कशाने? त्याने तर खाऊला तोंडसुद्धा लावलं नाही."

मंगळवारी टाळ्या वाजवलेले हात मार्टाने कोटाच्या खिशात घातले. उजव्या मुठीत तो गोल तुकडा अजून ओला होता.