बॉनेट थंड होईपर्यंत

“अहो, थांबा, थांबा! रंगाचं वाटोळं कराल!”

मी दचकले. पेट्रोल पंपाच्या कडेला, भर उन्हात, मी कोरड्या फडक्याने गाडीचा टप घासत होते. दोन महिने गाडी झाडाखाली उभी होती आणि त्या झाडावरच्या समस्त पक्ष्यांनी तिच्यावर मनसोक्त प्रेम केलं होतं. आता ते उन्हाने वाळून दगड झालं होतं.

मागे डिझेलचा कॅन घेतलेला एक उंच माणूस उभा होता. पस्तिशीचा असेल. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटं सतत पाण्यात असल्यासारखी सुरकुतलेली. त्याने माझ्या हातातलं फडकं घेतलं, नळाखाली भिजवलं आणि डागावर नुसतं ठेवून दिलं.

“आता?”

“आता काही नाही. पाच मिनिटं थांबायचं. हे घासून निघत नाही, भिजून निघतं.”

पाच मिनिटं आम्ही दोघं त्या फडक्याकडे बघत उभे राहिलो. मग त्याने ते हलकेच उचललं, आणि डाग खरंच निघाला.

“पुढच्या वळणावर माझं वॉशिंग सेंटर आहे,” तो म्हणाला. “रविवारी या. बाकीचं पक्षिप्रेमही काढून देतो.”

मी हसले. आणि हसल्यावर लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांनी हसले.

गाडी बाबांची. बाबा हिवाळ्यात गेले, तेव्हापासून घरात मी एकटीच. घरी बसून फ्रिज कंपनीचे फोन घेते. दिवसाला साठ माणसं माझ्याशी बोलतात, पण मी जेवले का हे त्यातल्या एकालाही विचारायचं नसतं. त्यांचा बर्फ होत नसतो. दादा दुसऱ्या शहरात. महिन्यातून दोनदा फोन करून “बरी आहेस ना?” विचारतो आणि माझं “हो” पुरतं व्हायच्या आत वहिनीने काहीतरी विचारलेलं असतं. संध्याकाळी टीव्ही लावते, बघायला नाही, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून.

त्या रविवारी गेले. दारातच पाटी होती: ‘तापलेल्या गाडीवर पाणी मारणार नाही. घाई असेल तर दुसरीकडे जा.’

“गिऱ्हाइकाशी असं बोलतात?” मी विचारलं.

“गिऱ्हाइकाशी नाही, घाईशी.” त्याने हाताची मागची बाजू बॉनेटला लावली, ताप बघावा तशी. “चांगलंच तापलंय. गार पाणी पडलं की तिथल्या तिथे वाळतं आणि पांढरे डाग धरतात. अर्धा तास सावलीत राहू दे. बसा.”

पत्र्याच्या शेडखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. एकीवर मी, दुसरीवर तो. अर्ध्या तासात मला कळलं की उन्हात गाडी लावताना काच बोटभर उघडी ठेवावी, टायरची हवा सकाळीच बघावी, दुपारी ती उगाच जास्त दाखवते. आणि हेही, की तो वरच्याच खोलीत एकटा राहतो.

“इथे तर दिवसभर वर्दळ असते,” मी म्हणाले.

“गाड्यांची. माणसं काच वर करून फोनवर असतात.”

तिसऱ्या रविवारी तो गाडी आतून पुसत होता. स्टिअरिंगपाशी त्याचा हात थांबला.

“ही बाजू झिजलीय. बरीच वर्षं कुणाचा तरी हात इथे होता... इथे मी पॉलिश लावत नाही. चालेल ना?”

मी मान हलवली आणि ढसाढसा रडले. परक्या माणसासमोर, बादल्यांच्या गर्दीत. बाबा गेल्यावर घरात इतकी माणसं येऊन गेली, तेव्हा नव्हते रडले अशी. त्याने “रडू नका” म्हटलं नाही. धुतलेलं एक फडकं पुढे केलं आणि समोर बसून राहिला.

त्या दिवसापासून माझा आठवडा रविवारी सुरू व्हायला लागला.

आता माझं घर तिथून जेमतेम दोन सिग्नल. तेवढ्यात बॉनेट कितीसं तापणार? म्हणून मी लबाडी सुरू केली. बाहेरच्या रस्त्यावर गाडीला तीन चकरा मारायच्या, चांगली तापवायची, आणि मग शहाण्यासारखं जाऊन उभं राहायचं.

“लांबून आलात?” त्याने एकदा विचारलं.

“हो... म्हणजे, जरा काम होतं.” चोराच्या मनात चांदणं! मी ओढणीशी खेळत बसले.

एका रविवारी माझ्या आधी एक आजोबा आले होते. त्यांच्या गाडीवर दहाव्या मिनिटाला पाणी पडलं.

“त्यांची इतक्यात थंड झाली?” मी म्हणाले.

आजोबा म्हणाले, “अहो, सावलीत दहा मिनिटं पुरतात. मी इथे वर्षानुवर्षं येतोय.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि धुतलेलीच बादली परत धुवायला लागला. मला गंमत वाटायला हवी होती. पण मला सांगायचं होतं ते वेगळंच होतं.

“दादाने गाडीला गिऱ्हाईक बघितलंय,” मी म्हणाले. “शनिवारी घेऊन जातील.”

दादाचं चुकत नव्हतं. घरी बसून काम करणाऱ्या बाईला गाडी कशाला? माझ्याकडे उत्तर होतं, पण ते भावाला सांगण्यासारखं नव्हतं.

“चांगली गाडी आहे...” एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी त्याने ती दोनदा पुसली. मी पैसे देऊन निघाले. माणसाला नको तिथे तोंड असतं आणि हवं तिथे नसतं.

शनिवारी गाडी गेली. रविवारी अकरा वाजता मी खिडकीत उभी होते. खाली रिकाम्या जागेत तेलाचा डाग तेवढा राहिला होता. गाडीशिवाय वॉशिंग सेंटरला जायचं म्हणजे टक्कल घेऊन न्हाव्याकडे जाण्यातला प्रकार! काय म्हणेल तो? बारा वाजले. आता उरलेले सगळे रविवार असेच जाणार, हे एकदम डोळ्यांसमोर आलं आणि भीती वाटली. चप्पल घातली आणि निघाले.

पोचले तेव्हा घामाने निथळत होते. तो एका गाडीला साबण लावत होता. मला बघून त्याने माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकली.

“गाडी...?”

“गेली. काल.”

“मग आज—”

“आज धुवायला काही आणलं नाही.” मी म्हणाले. “मला तुमच्याकडे यायचं असायचं. मुद्दाम तापवून आणायचे मी गाडी. आता कारणच उरलं नाही, म्हणून... नुसतीच आलेय.”

त्याने हातातला स्पंज बादलीत टाकला.

“सकाळपासून रस्त्याकडे बघतोय,” तो हळूच म्हणाला. “तुमचं घर माहीत आहे, पावतीपुस्तकात पत्ता आहे. तीनदा निघालो आणि परत आलो. काय म्हणून यायचं, ते सुचेना. तुमच्याशिवाय करमत नाही, हे दारात उभं राहून कसं सांगायचं?”

“असंच,” मी म्हणाले. “आता सांगितलंत तसं.”

गाडीतल्या माणसाने काच खाली केली. “अहो, साबण वाळतोय माझ्या गाडीवर!”

“वाळू दे,” तो म्हणाला. नजर माझ्यावरून हलली नाही. “परत धुऊन देईन.”