उफराटी वेल

"वेल पळाली म्हणजे? वेलीला काय पाय असतात?" भावजींनी विचारलं आणि लगेच जीभ चावली. समोरच्या बाईंचे डोळे रडून सुजले होते.

वहिनींनी दिराकडे एक कटाक्ष टाकला. तपासाचं काम वहिनींचं. भावजी त्यांचे मदतनीस. निदान भावजींची तशी समजूत होती.

बाईंची टेकडीच्या पायथ्याशी दुर्मीळ झाडांची रोपवाटिका होती. "त्या जातीचं एवढंच एक रोप उरलंय," त्या म्हणाल्या. "याच टेकडीवर सापडलं. उद्या पाहणी समिती येतेय. वेल दिसली तर टेकडी राखीव होईल. नाही दिसली, तर खाण."

"घरात कोण कोण होतं?" वहिनींनी विचारलं.

"परवा रात्री आम्ही चौघं. मी, धाकटा भाऊ, झाडांची चित्रं काढणारी माझी मैत्रीण आणि आमचे वनस्पतिशास्त्राचे सर. सरांनी ही वेल नामशेष झाल्याचं लिहून दिलं होतं, त्यानंतर पलीकडची टेकडी फोडली. आता ती जिवंत आहे कळल्यावर बिचारे धावत आले. पोचेपर्यंत अंधार पडला, म्हणून सकाळी दाखवते म्हटलं. सकाळी काय दाखवणार, कपाळ? काचघराची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असते. कुणीही घ्यावी."

"संशय कुणावर?"

बाईंनी पदर बोटाला गुंडाळला. "भावावर. खाणवाल्यांनी त्याला नोकरी देऊ केलीय. काल सकाळपासून मी बोलले नाही त्याच्याशी."

घरचा भेदी! भावजींचा तपास तिथेच संपला.

काचघरात कुंडी जागेवर होती, काठीही उभी होती. वेल तेवढी मुळांसकट उचललेली. काठीला बांधलेले सुतळीचे तुकडे एकेक गाठ सोडवून कुंडीच्या काठावर ठेवलेले होते.

"चोर टापटिपीचा दिसतो," भावजी म्हणाले.

"भावजी, आज पहिल्यांदा कामाचं बोललात," वहिनी म्हणाल्या. भावजी फुलून गेले, पण आपण काय बोललो ते त्यांना काही केल्या कळेना.

भाऊ ओट्यावर फुरंगटून बसला होता. "मीच आणली तिला टेकडीवरून, आणि मीच चोर? उफराटी म्हणतो मी तिला. तिचं सगळंच उफराटं. आणि ताईचंही."

"नोकरी घेणार?" वहिनींनी विचारलं.

"नाही म्हणून सांगितलं केव्हाच. ताईने विचारलं असतं तर तिलाही सांगितलं असतं."

हे जरा जास्तच साळसूद वाटलं भावजींना.

चित्रकार बाई हात पुसत आल्या. वेलीचं चित्र भिंतीवर होतं. वहिनी त्याच्यासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की भावजींना जांभई आली. वेल काठीवर उजवीकडून डावीकडे चढत गेलेली, पानापानाच्या शिरा मोजून घ्याव्यात अशा.

"मूळ रोप गेलं की चित्राची किंमत वाढते ना?" भावजींनी दरडावलं.

"मला ते विकायचंच नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. भावजींनी त्यांनाही यादीत घातलं.

सर व्हरांड्यात बसले होते. चहा तसाच निवला होता. "तिचं एक पान दिलं तरी ओळखीन मी," ते म्हणाले. "आयुष्य गेलं या जातीवर. कागदावर दाबून वाळवलेले नमुने कितीदा हाताळले असतील! जिवंत बघायचं मात्र नशिबात नव्हतं." भावजींना वाईट वाटलं.

वहिनी मागच्या छपरात शिरल्या. तिथे वाटपासाठी साध्या वेलींची रोपं रांगेने मांडली होती. पानं बरीचशी सारखीच. सगळ्या वेली काठीवर डावीकडून उजवीकडे चढलेल्या. वहिनी रांगेतून सावकाश फिरल्या, एका रोपाशी थबकल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांना बोलवा."

सगळे जमल्यावर त्यांनी ते रोप पुढे केलं. "बाई, ही तुमची वेल."

बाईंनी पान उलटून पाहिलं. "हीच ती," त्या म्हणाल्या.

वहिनींनी वेल हलकेच काठीवरून सोडवली. "सर, आयुष्य गेलं ना हिच्यावर? मग मान तुमचा. चढवा काठीवर."

सरांनी वेल काठीला डावीकडून उजवीकडे एक वेढा दिला, दुसरा दिला.

"अहो सर, मोडेल ती!" भाऊ ओरडला. "उलटी चढते ती!"

सरांनी हात मागे घेतले.

"हिचा शेंडा मला दुसऱ्या बाजूला वळलेला दिसला," वहिनी म्हणाल्या. "खालचे वेढे डावीकडून उजवीकडे दिलेले, आणि सुटा शेंडा आपल्या वळणावर गेलेला. बाईंनी तिला वाढवलं, भावाने उफराटी म्हटलं, चित्रातही ती बरोबर आहे. या तिघांपैकी कुणी मुद्दाम उलटे वेढे दिले असते, तर शेंडाही बांधला असता. तो वळणार हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकालाच. वाळवलेल्या वेलीला काठी नसते, सर. अंधारात सोडवताना दिशा कोण बघतो? चढवताना हात सवयीने चालला."

"पण सर कशाला?" भावजी म्हणाले. "कुंपणच शेत खाणार?"

"ती जिवंत निघाली, तर सरांचा दाखला खोटा ठरतो."

"एक पावसाळा शोधली मी," सर पुटपुटले. "सापडली नाही, तर नाही असं लिहिलं. टेकडी गेली माझ्या सहीवर. हे उद्या चार लोकांत... उपटून फेकणार होतो. हात उचलला नाही."

"म्हणून तर गाठी सोडवल्यात," वहिनी म्हणाल्या. "मारायला आलेला माणूस गाठी कापतो."

भावजींना आता कळलं, आपण काय कामाचं बोललो होतो ते.

बाई पुढे आल्या. त्यांना संताप आवरत नव्हता. "माझ्या भावाला चोर ठरवलं मी, सर, आणि तुम्ही बघत बसलात! उद्या समितीपुढे तुम्हीच उभं राहायचं. चुकलो म्हणायचं. तुमच्या शब्दाने एक टेकडी गेली, तुमच्याच शब्दाने ही राहू दे."

सरांनी मान डोलावली. मग भावाकडे वळून म्हणाले, "दाखव मला. कशी चढते ती?"

भाऊ जागचा हलला नाही. त्याने ताईकडे पाहिलं.

"दाखव त्यांना," बाई म्हणाल्या. दोन दिवसांत भावाशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द होता. "आणि नंतर मलाही चार शब्द सुनाव. ऐकून घेईन."