तेवीस नंबरचं उपाशी झाड

"करवतीचं पेट्रोल कुठे गेलं?" लिबोरिओकाका अंगणातून गरजले.

"मला काय माहीत!" त्यांची दहा वर्षांची मुलगी मिम्मा म्हणाली. ती ज्या टोपलीवर बसली होती, तिच्याखालीच पेट्रोलचा डबा होता.

"बाबा, गावातून आणेपर्यंत उद्या दुपार होईल ना?" तिचा मोठा भाऊ रोसोलिनो साळसूदपणे म्हणाला.

"उद्या तर उद्या! पण ते तेवीस नंबरचं झाड सडलंय. त्याचा रोग पसरला तर यंदाची मान्ना विसरा!"

काका तणतणत निघून गेले. एक दिवस मिळाला!

सांतिनाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मार्चमध्ये तिचे बाबा गेले, तेव्हापासून तिला काहीच होत नव्हतं. रडू नाही, राग नाही, धड भूकही नाही. सुट्टीला ती काकांच्या मळ्यावर आली होती. तेवीस नंबरचं झाड बाबांचं लाडकं, ते तोडू द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. का, ते तिला सांगता आलं नसतं.

तिघं झाडाखाली पोचली. शेजारच्या झाडांच्या सालींवर छेद होते, आणि त्यांतून पाझरलेला गोड रस उन्हात वाळून पांढरा झाला होता. हीच मान्ना. तेवीस नंबरवर मात्र टिपूस नव्हता. ऐन जुलैत पानं पिवळी!

"वरचं खोड बघ, कसं सुजलंय!" रोसोलिनो म्हणाला. "आणि खाली अगदीच काटकुळं."

"जणू पट्टा फार घट्ट बांधलाय झाडानं," मिम्मा म्हणाली.

सांतिनानं खोडावरून हात फिरवला. "मुळांतलं पाणी लाकडातून वर चढतं. पण पानांनी बनवलेली साखर सालीतून खाली उतरते. मुळांचं जेवण तेच."

"माहितीये! त्या धड्यावर मला चार मार्क पडलेत!" रोसोलिनो म्हणाला.

"पाचपैकी?" मिम्मानं विचारलं.

"दहापैकी. तू गप्प बस!"

"काकांनी छेद कुठे दिला होता?" सांतिनानं विचारलं.

"बुंध्याशी. आणखी कुठे? पहिला छेद बुंध्याशी, मग रोज दोन बोटं वर. सगळे तसंच करतात."

"म्हणजे वर कुणी पाहिलंच नाही! सुरी दे."

"एकदम वर? आजोबा कान उपटतील!"

"उपटू देत."

तिनं एक छेद सुजेच्या वर दिला, एक खाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिम्मा किंचाळलीच, "आली! आली!" वरच्या छेदाला बोटभर पांढरीशुभ्र मान्ना लटकत होती. खालचा छेद कोरडा ठणठणीत!

"साखर इथवर येते आणि अडते," सांतिना म्हणाली. मधली साल ती सुरीनं खरवडू लागली. खण्! आत लोखंड होतं. सालीनं गिळून टाकलेली तार!

तेवढ्यात काका करवत घेऊन आले, मागून आजोबा. मिम्मानं झाडाला मिठीच मारली. "आधी मला कापा!"

"बाबा, तोंड उघडा!" रोसोलिनोनं त्यांच्या तोंडात तुकडा कोंबला.

काकांनी तो चघळला. "ही... तेवीसची?" त्यांची नजर तारेवर गेली. "ही कुठल्या गाढवानं बांधली?"

दोन वेढे आणि टोक आत खुपसलेलं. सांतिनानं ती बांधायची पद्धत लगेच ओळखली.

"बाबांनी," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी. मान्ना दोऱ्यावरून ओघळावी म्हणून दोरा अडकवायला. हिवाळ्याआधी सोडायची होती. तेव्हा ते दवाखान्यात होते."

काकांनी करवत गवतात ठेवली.

आजोबांनी खोडाला वळसा घालून मागची साल चाचपली. "इथे खळगा आहे. तार टेकलेलीच नाही. साखरेला तळहाताएवढी वाट उरलीये, म्हणून तर झाड इतके दिवस तगलं. आता जगेल." मग ते मुलांकडे वळले. "साठ वर्षं मी खालूनच छेद देतोय. वर बघायचं मला सुचलं नाही, तुम्हाला सुचलं. शाब्बास रे पोरांनो!"

त्यांनी पक्कड सांतिनाच्या हातात दिली.

तिनं तार तोडली, टोक पकडलं, ओढलं. हलेना. तिनं पाय खोडाला टेकवून सगळा जोर लावला.

"सोडायची होतीत ना, बाबा!" ती एकाएकी ओरडली. "निदान कुणाला सांगायचं तरी! असं ठेवून कोणी जातं का?"

तार वीतभर बाहेर आली आणि सांतिनाला रडू फुटलं. चार महिन्यांचं रडू, थांबेचना. तिला बाबांचा भयंकर राग आला होता, आणि ते हवे होते.

आजोबांनी तिला उगी केलं नाही. फक्त शेजारी येऊन तारेला हात लावला.

"सावकाश ओढ," ते म्हणाले. "अजून अर्धी आत आहे."