घासायचं ते खोलाकडे

माझी बायको म्हणते, माझ्या दहा गोष्टींतल्या अकरा खोट्या असतात.

असतील. मी नाही म्हणत नाही. पण ही त्यातली नाही. हिच्यातली माणसं आजही माझ्या शेजारी बसून जेवतात... आणि त्यातल्या एकीकडे मी हल्ली नीट बघत नाही.

आणखी एक. भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र मागतात. माझ्याकडे रात्र नाही. झालं ते रविवारी, भर दुपारी. छपराखालचा एक पोहण्याचा तलाव, आणि काचांतून लख्ख ऊन. रात्री झालं असतं तर परवडलं असतं. रात्री माणूस म्हणू तरी शकतो की नीट दिसलं नाही.

मला नीट दिसलं.

तर माझी भाची. लहानपणी बादलीतसुद्धा सूर मारायला जायची, म्हणून तिला आम्ही बेडकी म्हणतो. आता पोहायला शिकवते. आधी दुसऱ्याच्या क्लबात होती. तिथला मॅनेजर एकाच वेळी नको तेवढी पोरं पाण्यात सोडायचा. ही भांडली, म्हणाली, "एखादं बुडालं तर तुम्ही उडी मारणार का?" आणि नोकरी सोडून घरी आली.

मग तिने बंद पडलेल्या व्यायामशाळेमागचा हा तलाव चालवायला घेतला. स्वतःचा वर्ग. पोरांची नावं आली. दारावर पाटी लागली. सोमवारी तपासणीच्या बाई येणार, पाणी बघणार, त्यांनी हो म्हटलं की वर्ग सुरू. नाही म्हटलं तर पाटी खाली.

आणि नेमका डाग आडवा आला.

"मामा, तू ये बाबा," तिचा फोन. "काळा आहे. क्लोरीन ओतून ओतून माझे डोळे गेले. हा ढिम्म."

तलाव साफ करण्यात माझा जन्म गेला. माझं नाव ऐकून शेवाळं आपण होऊन बाहेर येतं, असं मी सांगत असतो. गेलो.

डाग सगळ्यात खोल टोकाला, तळाच्या जाळीपाशी होता. एक नव्हता, दोन होते. शेजारीशेजारी, लांबट.

बेडकीचा नवरा काठावर पालथा पडून बघत होता. शाळेत रसायनशास्त्र शिकवतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

"लोखंडाचा डाग नाही, मामा," मास्तर म्हणाले. "व्हिटॅमिन सीची गोळी काठीला बांधून वर दाबून धरली. लोखंड असतं तर फिका पडला असता."

"मोज्यात क्लोरीनची पूड भरून ठेवून बघितली?"

"बघितली. कडा उजळल्या."

"मग शेवाळं. काळं शेवाळं. मोजा कुणाचा घेतलात?"

"तुमचाच. मागच्या वेळी आमच्या घरी विसरून गेलात तो."

"शेवाळं उजळलं ते क्लोरीनने नाही मग," बेडकी म्हणाली. "वासाने."

हसलो आम्ही. तेव्हा हसत होतो.

मी उपाय सांगितला. काळ्या शेवाळ्याच्या अंगावर चिवट कवच असतं. वरून कितीही औषध ओता, त्याने रेनकोट घातलेला असतो. आधी तारेच्या ब्रशने कवच फोडायचं, मग औषध. मुळं फरशीच्या सांध्यांत असतात, म्हणून रोज घासायचं, कंटाळायचं नाही.

"आणि एक. घासायचं ते खोलाकडे. पायऱ्यांकडून जाळीकडे. उलटं कधी नाही."

"का?" मास्तरांनी विचारलं. मास्तरच ते.

"माझ्या उस्तादाने सांगितलं म्हणून."

"त्यांनी का सांगितलं?"

"विचारलं असतं तर त्याने मलाच घासलं असतं."

कारण तसं साधं आहे. तळाची जाळी खोल टोकाला असते. सुटलेली घाण तिच्यातून फिल्टरकडे जाते. सगळे तलाववाले तसंच करतात. त्यापुढे कुणी विचार करत नाही. मीही केला नव्हता.

पण या तलावाची जाळी ओढत नव्हती. तिच्या नळीचा व्हॉल्व गंजून बसला होता. पाणी खेचलं जायचं ते फक्त पायऱ्यांजवळच्या भिंतीतल्या तोंडांतून. मी घरी गेल्यावर मास्तरांनी हिशेब मांडला. घाण जिकडे खेचली जाते तिकडेच लोटायला हवी. बरोबरच होतं त्यांचं. कुणाही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

ते खोलाकडून पायऱ्यांकडे घासत आले.

दुसऱ्या दिवशी फोन.

"मामा, डाग गेला!"

"बघ! मी काय म्हटलं होतं?"



"...म्हणजे तिथून गेला. थोडा पुढे आलाय."

शेवाळं पसरतं. पण पसरताना मागची जागा सोडून जात नाही. मागे स्वच्छ आणि पुढे काळं, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिला मात्र म्हणालो, "घासत राहा."

ती घासत राहिली. मास्तरांच्या हिशेबाने. पायऱ्यांकडे.

रविवारी दुपारी मी पुन्हा गेलो. पंप बंद करून ठेवला होता, पाणी स्थिर व्हावं म्हणून. काठावर उभा राहून खाली बघितलं...

पावलं होती.

आता ओळखू येत होती. टाच, तळव्याची कमान, बोटं. मोठ्या माणसाची. उजवं जरा आत वळलेलं. तलावाच्या मधोमध उभी होती. उभी म्हणतो, कारण दुसरा शब्द सुचत नाही.

बोटं पायऱ्यांकडे.

"तुलाही दिसतात ना?" बेडकीने हळूच विचारलं. तिच्या हातात लांब दांड्याचा ब्रश होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आधीच्या मालकाला विचारलंस? बुडालं होतं का इथे कुणी?"

"कुणीच नाही. तो शपथेवर सांगतो. मग बंद का केलास विचारलं, तर म्हणाला, लोक यायचे बंद झाले."

"का?"

"गर्दी वाटते म्हणायचे. एकटा माणूस पोहायला उतरला तरी म्हणायचा, आज गर्दी आहे."

मास्तर हसले. त्यांचं हसू तिथेच पडलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. छपराखालच्या तलावात शिंकलात तरी चार भिंती उत्तर देतात. त्या दुपारी भिंती गप्प होत्या. मी मुद्दाम खाकरलो.

काही नाही. उशीत खाकरल्यासारखं.

बेडकीने ब्रश पाण्यात टाकला आणि घासायला लागली. खर्र... खर्र... तारांचा फरशीवर येतो तसा. थोड्या वेळाने ती थांबली. घाम पुसला.

खर्र...

ब्रश तिच्या हातात होता. पाण्याबाहेर. ठिबकत होता.

खर्र...

आवाज खालून येत होता. आणि मग तोही थांबला, ऐकलं जातंय हे कळल्यासारखा.

"इकडे दे," मी म्हणालो. म्हातारपणाचा एक फायदा असतो, भीती वाटली तरी लोकांना गुडघे दुखतात असंच वाटतं. मी पायऱ्यांच्या बाजूने उभा राहिलो, ब्रश पावलांच्या पुढे टेकवला आणि खोलाकडे लोटला. उस्तादाने शिकवलं तसा.

ब्रश हलला नाही.

जोर लावला. दांडा वाकला. खाली सपाट फरशी, अडायला काही नाही. पण ब्रशवर कुणीतरी पाय ठेवला होता. ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं. नुसता पाय ठेवून उभं होतं, दारात अडवून उभा राहणारा माणूस असतो तसं. मला म्हणत होतं, आता नाही.

मी दांडा सोडला. बुडाला नाही तो. तिरका, तसाच उभा राहिला.

"मास्तर," मी म्हणालो, "तुम्ही बघताय ना?"

मास्तर बघत नव्हते. ते पाण्यावरच्या काचांच्या प्रतिबिंबाकडे बघत होते. ओळीने काचा पडल्या होत्या पाण्यात, लख्ख. मधली एक नव्हती. तिथे पाणी काळं होतं. वर बघितलं तर काच जागेवर. ऊनही येत होतं.

मग दांडा पडला. धप्प.

आम्ही तिघांनीही दचकून दांड्याकडे बघितलं. एवढाच वेळ नजर हलली.

पावलं सगळ्यात खालच्या पायरीवर होती.

मास्तर उठले. "चल. कुलूप लाव. उद्या त्या बाईंना सांगू, वर्ग नाही."

"आणि मग?" बेडकी म्हणाली.

"मग काही नाही. दुसरा तलाव बघू."

"आणि हा दुसरं कुणीतरी चालवायला घेईल. त्याला डाग दिसेल, तो औषध ओतेल आणि पोरं सोडेल. पायऱ्यांवर कोण बसतं माहितीये? ज्यांना अजून पोहता येत नाही ती. पहिले काही दिवस तिथेच बसतात, पाय बुडवून."

"मग परत खोलात घालवू."

"जात नाही ना ते. मामाने बघितलं."

ती पावलांकडे बघत होती. पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोराकडे बघते, तशी.

"मामा, त्याला बाहेरच यायचंय. आपण इतके दिवस त्याला वाट करून दिली. आणि आता दारात अडवतोय."

"अगं बाहेर म्हणजे कुठे?" मास्तर ओरडले. "बाहेर येऊन जाणार कुठे ते?"

"आत राहिलं तर पोरांमध्ये राहील," ती म्हणाली. "बाहेर आलं तर एकाच्याच मागे लागेल."

कुणाच्या, ते तिने सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मास्तर अजून म्हणतात.

तिने काठावरचा, हाताने घासायचा छोटा ब्रश घेतला आणि पाण्यात उतरली. अंगावरच्या कपड्यांनिशी. गुडघ्यांवर बसली आणि घासायला लागली. स्वतःकडे. एक पायरी घासायची, मागे सरकायची. पुढची घासायची, मागे सरकायची. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय.

जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं.

"ये... घाबरू नको... पाय टेक... मी आहे ना... अजून एक..."

पोरांना सांगते ते. तेच.

सगळ्यात वरच्या पायरीवरून तिने ब्रश काठावर ओढला. कोरड्या फरशीवर दोन ओले ठसे उमटले, तिच्या अगदी समोर. बोटं तिच्याकडे. ऊन होतं, पटकन वाळले.

बस. एवढंच.

मी खाकरलो. चारी भिंती खाकरल्या.

सोमवारी तपासणीच्या बाई आल्या. पाण्याचा नमुना घेतला, तळाकडे बघितलं, म्हणाल्या, "इतका स्वच्छ तलाव मी पाहिला नाही. काय वापरता हो?" बेडकी म्हणाली, "मेहनत." वर्ग सुरू झाला. जोरात चाललाय. पोरं त्या पायऱ्यांवर बसून पाय आपटतात, एकमेकांवर पाणी उडवतात. एकालाही काही झालेलं नाही. तळाला तेव्हापासून एक ठिपका नाही. मी दर आठवड्याला जाऊन बघतो. इतकं स्वच्छ मला आवडत नाही.

परवा ती आमच्याकडे जेवायला आली. एकटीच. मास्तरांना पेपर तपासायचे होते. बेल वाजली, मी दार उघडलं. ती आत आली, चप्पल काढली आणि दाराला हात लावून उभी राहिली. लोटेना. मागे कुणी जिना चढत असावं आणि आपण दार धरावं, तशी.

जिन्यात कुणी नव्हतं.

"लाव की दार," मी म्हणालो. "डास येतात."

ती अजून क्षणभर थांबली. मग जरा बाजूला सरकली आणि दार अगदी सावकाश लोटलं.

"तोंडावर आपटलेलं आवडत नाही, मामा," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

माझ्या बायकोने पानं घेतली. आम्ही तिघं होतो.

तिने चार घेतली होती. का घेतली, ते तिलाही सांगता आलं नाही.